उंबरठ्यावरची दोन बोटं

आमच्या पिंपरीच्या कारखान्यातले स्टोअरकीपर रविवारी सकाळी माझ्याकडे चहाला येत. उंबरठा ओलांडताना धोतराच्या निऱ्या दोन बोटांनी अलगद उचलत. तरुणपणी ते नाटक कंपनीत नायिकेचं काम करायचे. पुढे रंगमंचावर बायका आल्या नि यांचं काम सुटलं. कारखान्यातली पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करत. मला मात्र ते निऱ्या उचलणं बघायला आवडे. तसं त्यांना कधी सांगितलं नाही.

माझा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं जपानहून लाकडी ठशांनी छापलेलं एक चित्र आणलं, ते मी भिंतीवर लावलं. हातात पंखा धरलेली, मान कलती केलेली बाई.

चहाची बशी हातात धरून ते चित्राकडे बघत राहिले. "ह्यो गडी हाय, राव. बाई इतकी जपून मान कलती करत न्हाई."

"बरोबर. तिकडचा नट आहे. तिकडे अजून पुरुषच करतात बायकांची कामं."

"वय झाल्यावर बी?"

"भाऊ सांगतो, साठीचा नट सोळा वर्षांची पोर होतो, आणि लोक गर्दी करतात."

बशीतला चहा निवून गेला. "आमाला तिशीतच म्हातारं केलं," एवढंच बोलून ते उठले.

पुढच्या रविवारी ते पाटलोण घालून आले. उंबरठ्याशी दोन बोटं सवयीनं खाली गेली. धरायला काहीच नव्हतं. तशीच रिकामी वर आली.