मास्तराची लाल रेघ

नातीचं प्रगतिपुस्तक काल हातात घेतलं. त्यात मार्क नाहीत, नंबर नाही. गणितापुढे बाईंनी लिहिलंय, ‘वजाबाकी मदतीने जमते.’

सून म्हणाली, “बाबा, आता कुणाला नापास करत नाहीत. काय येतं आणि काय शिकायचं राहिलंय, तेवढंच लिहितात.”

माझी बायको तिसरीत गणितात नापास झाली. मार्कांखालची लाल रेघ बघून बापानं तिची शाळाच बंद केली. जन्मभर काहीही विचारलं की म्हणायची, “मी नापास, मला काय विचारता?”

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी कुठं दुखतंय विचारलं, तर माझ्याकडे बोट करून म्हणाली, “यांना विचारा.” तिचं दुखणं मला काय ठाऊक? गेली ती.

मदतीने जमते. एवढं लिहिलं असतं, तर त्या मास्तराची शाई आटली असती काय?