दीड युनिट जास्त

"आठशे ग्रॅम. परत जा."

नाना माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. डोंबिवलीच्या आमच्या बैठ्या घरांच्या सोसायटीत सून म्हणून येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. किलोभर कांद्यांची पिशवी घेऊन मी फाटकाशी पोचले, तर शेजारचा उंच, पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा पुढे आला. ओळख ना पाळख, सरळ माझ्या हातातली पिशवी घेतली, तळहातावर दोनदा झुलवली आणि मला माघारी धाडलं! मी हबकलेच. रागारागाने भाजीवाल्याकडे गेले, पुन्हा वजन करायला लावलं. आठशे वीस भरलं.

नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ठाणे-कल्याणच्या दुकानांतले काटे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाला नाही. लग्नाच्या पंगतीत लाडू उचलून म्हणायचे, "हा पलीकडच्या पानातल्यापेक्षा लहान आहे बरं का." वाढणारा बिचारा घाबरून दुसरा लाडू वाढायचा. कुणी कशाची जाहिरात सांगायला लागलं की नाना हात वर करायचे. "विकणारा काय म्हणतो ते मला नको. तुझ्या हातात किती पडलं ते सांग."

त्यांच्या पत्नी, शालनकाकू, अगदी कमी बोलायच्या. त्यांचं माहेर ठाण्याला, टेंभी नाक्यावर. डोंबिवलीहून किती लांब? पण मी कधी त्यांना माहेरी जाताना पाहिलं नाही. एकदा नवरात्रात त्यांच्यासोबत देवीच्या दर्शनाला गेले होते. रांगेत काकू एका किराणा दुकानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ते आमच्या अण्णांचं दुकान." आणि मग रांगेतच सगळं सांगितलं.

लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. जावई सासुरवाडीला आलेले, फराळ झाला, आणि जावईबापू सहज म्हणून खाली दुकानात उतरले. पिशवीतून आपलं तपासणीचं वजन काढलं आणि सासऱ्यांच्या काट्यावर ठेवलं. किलोमागे पन्नास ग्रॅमचा फरक. अण्णा हात जोडून म्हणाले, "देवाशपथ, मला माहीत नव्हतं." नाना म्हणाले, "काटा तुमचा. मग माहीतही तुम्हालाच हवं." दुसऱ्या दिवशी काटा जप्त! दिवाळसणाला! ऐकून माझ्या अंगावर काटाच आला. अख्ख्या नाक्यावर बोभाटा झाला, पिढ्यांची गिऱ्हाइकं तुटली. चार वर्षांत अण्णा गेले, तर काकूंना निरोपसुद्धा आला नाही. "मी यांना तेव्हाच म्हणाले होते हो, अण्णा खोटं बोलणार नाहीत," काकू म्हणाल्या. "पण यांना काट्यापुढे माणूस दिसत नाही."

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे गच्चीगच्चीवर सोलर बसायला लागलं. सात घरं, प्रत्येकी तीन किलोवॅट. विकणारे छातीठोक सांगायचे, रोज बारा युनिट पडणारच. झालं! नानांना जणू पुन्हा नोकरी लागली. रोज संध्याकाळी सहाला त्यांची फेरी. प्रत्येकाच्या जिन्यातल्या इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा दिवसाचा आकडा बघायचा आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचा. खरे आकडे बघून आम्ही सगळेच गार पडलो. बारा कुठले, बहुतेकांचे दहाच्या आसपास. पावसाळ्यात तर चार-पाचसुद्धा. एकट्या नानांचा आकडा रोज दीड युनिट जास्त.

मग नाना कारणं शोधायला लागले. एकाच्या पॅनलवर कबुतरांची घाण, ती धुवायला लावली. पाटलांच्या पाण्याच्या टाकीची सावली पडत होती, त्यांनी टाकी हलवली. माझ्या घरी येऊन म्हणाले, "सुधा, तुझा शेवगा तुझं ऊन खातोय." तो शेवगा माझ्या सासूबाईंनी लावलेला. अख्खी गल्ली त्याच्या शेंगा न्यायची. मी महिनाभर टाळलं. पण रोज फळ्यावर माझं नाव तळाला! शेवटी चिडून माणसं बोलावली आणि झाड बुंध्यापासून तोडलं. पुढचे आठ दिवस मी फळा बघतेय. दीडाचा फरक सव्वावर आला. बस, एवढंच! एवढ्यासाठी मी झाड मारलं?

माझं डोकंच फिरलं. प्रत्येक घराच्या फाटकाशी डब्यात सोलरचा वेगळा मीटर असतो, वीजवाल्यांनी तपासून सील केलेला. काच धुरकट, वाकून बघावं लागतं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. मी एका सोमवारी नानांचा आणि माझा मीटर बघून ठेवला, आठ दिवसांनी पुन्हा बघितला. माझ्या मीटरवर ब्याऐंशी युनिट चढले होते. नानांच्याही ब्याऐंशीच. फळ्यावर मात्र नानांची आठ दिवसांची बेरीज ब्याण्णव!

तशीच तरातरा त्यांच्या घरात घुसले. "नाना, माझा शेवगा परत द्या! तुमचा इन्व्हर्टर फुगवून सांगतोय. जन्मभर दुकानदाराच्या काट्यावर विश्वास ठेवला नाहीत आणि विकणाऱ्याच्याच पडद्यावरचा आकडा आम्हाला खरा म्हणून सांगितलात?"

नाना आधी हसले. मग टॉर्च घेऊन मीटरपाशी गेले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. परत येऊन पायरीवर बसले तेव्हा चेहरा पांढराफटक. मी घाबरले, म्हटलं आता यांना काही होतंय की काय.

"मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले.

दारात काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"मला खरंच माहीत नव्हतं."

"अण्णाही हेच म्हणाले होते."

काकूंचा आवाज चढला नव्हता. पण मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांत अण्णांचं तेवढंच एक वाक्य नानांना ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसलेला होता आणि त्यावर एकच ओळ होती: "माझा आकडा चूक होता. काटा माझा, चूक माझी." खाली सही. मग बाकीच्या सहाही घरी जाऊन त्यांनी तेच तोंडाने सांगितलं. पाटलांनी "जाऊ द्या हो नाना" म्हटलं, तर म्हणाले, "जाऊ कसं देऊ? मी कुणाला जाऊ दिलं होतं?" माझ्या दारात आल्यावर म्हणाले, "सुधा, टेंभी नाक्याला येतेस का आमच्याबरोबर? नाहीतर आम्हा दोघांचे पाय उचलणार नाहीत."

गेलो. काकू रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या, नवरात्रात उभ्या राहिल्या होत्या त्याच जागी. दुकानात काकूंचे धाकटे भाऊ, मुकुंदमामा, पोहे तोलत होते. डोक्याचे केस पार पिकलेले. नाना गिऱ्हाइकांच्या देखत हात जोडून उभे राहिले. "मुकुंदराव, अण्णा खरं बोलत होते. त्यांना माहीत नव्हतं. मी ऐकायला हवं होतं."

मामांनी पोह्यांची पुडी बांधली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली. मग म्हणाले, "हे ऐकायला अण्णा हवे होते. काटा दुरुस्त होऊन आला ना, तेव्हापासून जाईपर्यंत ते प्रत्येक किलोमागे एक मूठ जास्त घालत होते. म्हणायचे, नकळत घेतलंय, ते कळून परत द्यायचं."

नाना तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. नाना! ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने भाजीवाले काटा सरळ करायचे, ते नाना! मामांनी तांब्याभर पाणी आणलं, नानांच्या हातात दिलं आणि रस्त्याकडे बघून म्हणाले, "ताईला उन्हात का उभं केलंय? आत बोलवा तिला."

त्यानंतर नाना दीड वर्ष होते. काकू महिन्यातून दोनदा माहेरी जायच्या, नाना त्यांना दुकानापर्यंत सोडायला जायचे. माझ्या शेवग्याच्या बुंध्याला धुमारे फुटले तेव्हा स्वतः येऊन बजावून गेले, "खबरदार तोडलास तर."

मागच्या वर्षी सकाळी चहा घेता घेता नाना गेले. तेराव्याचा शिधा मुकुंदमामांनी स्वतः आणला. स्वयंपाकघरात मी तांदळाची किलोची पुडी उचलली आणि का कोण जाणे, नानांसारखीच तळहातावर झुलवली. मग त्यांच्याच काट्यावर ठेवली. एक किलो पन्नास ग्रॅम.

"मामा, जास्त आलेत," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "अण्णांनंतर मीही तेवढंच घालतो."