माबेल्याच्या मुलीने चार्ट उघडला होता

२०१८ सालच्या जून महिन्यात, रमजान ईदच्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मगरिबची अजान व्हायच्या थोडं आधी, मस्कतच्या टोकाला माबेल्यात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. आरोप होता गद्दारीचा. गुन्हा एवढाच, की बाकी सगळ्या जणी नाचत असताना तिने आपल्या फोनवर काय दिसतंय ते सांगितलं. सणाचा दिवस, अंगावर नवे कपडे, बाहेरच्या खोलीत पाहुणे, आणि हातातल्या फोनवर ती राखाडी ओळ, की अमुक अमुक व्यक्तीने तुम्हाला काढलं आहे. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे ही गोष्ट हसण्यावारी जाणार आहे, आणि हसायला लागलं की लोक नेमकं हेच विसरतात.

ग्रुप मस्कतमधल्या मराठी मुलींचा होता. सगळ्या इंडियन स्कूलमधल्या किंवा तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या. आम्हाला जोडणारी गोष्ट मराठी नव्हती, खरं सांगायचं तर आपसात आम्ही अर्धं इंग्रजीच बोलायचो. जोडणारी गोष्ट होती कोरियातल्या मुलींचा एक बँड. त्यांची गाणी, त्यांचे नाच, आणि त्यांचा चार्टवरचा नंबर. बहुतेक जणी शहराच्या मध्यवस्तीतल्या, दार्सैत-रुवीच्या, आईवडील पुण्या-मुंबईचे, नोकरदार. माझी मैत्रीण तेवढी वेगळी. तिचे वडील रत्नागिरीकडचे, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात होते, आणि घर लांब माबेल्यात, कारण तिथे भाडं परवडायचं. नाचाच्या सरावाला दार्सैतला यायचं तर वडिलांची सुट्टी आणि गाडी दोन्ही जुळून यावं लागे. माबेल्यात तिला दुसरं कुणी नव्हतं. तिची सगळी मैत्री त्या ग्रुपमध्ये होती, म्हणजे फोनमध्ये होती. ग्रुपमधून काढणं हे तिच्या बाबतीत गावातून काढण्यासारखं होतं, आणि काढणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

बँडचं नवं गाणं येणार म्हटलं की आमच्याकडे निवडणूक लागायची. पत्रकं मी लिहायचे. गाणं ऐकताना आवाज बंद ठेवू नका, बंद आवाजातलं ऐकणं धरत नाहीत. तेच गाणं लागोपाठ लावू नका, मध्ये दुसरं काहीतरी ऐका, नाहीतर मशीन समजून वगळतात. व्हिडिओ अर्ध्यात सोडू नका. भावाला, आईला, शेजारच्या काकूंना लिंक पाठवा आणि पाहिल्याशिवाय सोडू नका. आता मी पुण्यात भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते, आणि घरमालकांना माझी भाषा बोचते म्हणतात. ती भाषा मी तिथे शिकले.

आणि ओमानचं प्रकरण वेगळंच होतं. ऑनलाइन दुकानात गाणी विकत मिळायची, आणि दर देशाचा विक्रीचा चार्ट वेगळा असायचा. अमेरिका-जपानच्या चार्टवर आम्हाला कोण विचारतंय? पण ओमान लहान, गाणी विकत घेणारे मूठभर. थोड्या मुलींनी एकाच वेळी गाणं घेतलं तर इथे ते सरळ पहिल्या नंबरावर जाऊ शकतं, हे आमच्या ग्रुपच्या अॅडमिन ताईने शोधून काढलं होतं. ताई इंजिनिअरिंगला होती, आमच्याहून मोठी, कामाला चोख. ती सांगायची, जगभरची फॅन पेजं लिहितात ना, इतक्या देशांत पहिला नंबर म्हणून, त्यात ओमान आणि अमेरिका दोन्ही एक-एकच धरतात. हे ऐकून आमची छाती फुगायची. शाळेच्या निवडणुकीतसुद्धा आमच्या मताला इतकी किंमत नव्हती.

त्या ईदला दुपारी एक वाजता गाणं आलं. कोरियात तेव्हा संध्याकाळ. मी आईच्या फोनवरून विकत घेतलं. माझ्या मैत्रिणीने ईदी म्हणून अब्बांकडून तेवढी एकच परवानगी मागून घेतली होती, तिनेही घेतलं. संध्याकाळपर्यंत एका मोठ्या फॅन पेजवर झेंड्यांची रांग आली, त्यात ओमानचा झेंडा, पुढे एक नंबर. ग्रुप वेडा झाला. ताईने लिहिलं, हे आपण केलं. आम्ही सगळ्यांनी ते आपापल्या स्टेटसवर चढवलं.

तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने चार्टचा स्क्रीनशॉट टाकला. वर कुठल्याशा हिंदी सिनेमातलं लग्नाचं गाणं, त्याखाली पंजाबी, त्याखाली आणखी हिंदी, आणि आमचं गाणं पार खाली. सोबत तिने विचारलं होतं, माझ्याकडे असं का दिसतंय, काय चुकलं काय? नीट वाचा. तिने विचारलं होतं.

एकीने लिहिलं, ओमानमध्ये बॉलिवूड पहिलं, जोक मारते का ही. दुसरीला आठवलं की मागच्या महिन्यात हिने दुसऱ्या बँडचा व्हिडिओ लाइक केला होता. मग तो शब्द आला, अँटी. फॅनच्या दुनियेत ह्याहून वाईट शिवी नाही. अँटी म्हणजे शत्रूकडून आपल्यात येऊन बसलेली. चित्र एडिट केलंय असं ठरलं. ताईने लिहिलं, प्रूफ दे नाहीतर बाहेर हो.

"हेच प्रूफ हाय," तिने लिहिलं. "माझ्या फोनवर हेच दिसतंय."

त्यावर कुणीतरी लिहिलं, हाय हाय. आठ-दहा हसरे चेहरे पडले. आणि ताईने तिला काढलं. पुढच्या शुक्रवारी एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर आमचा कार्यक्रम होता, नव्या गाण्यावर नाच होता, त्यात डावीकडून दुसरी जागा तिची होती. ती जागा पाच मिनिटांत दुसरीला देऊन झाली.

मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, जिच्यावर आरोप आहे तिने नव्हे, वगैरे. त्यावर एकीने अंगठा टाकला. बाकी सगळ्या गाण्याबद्दल बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबाबांच्या मागे लागले, ईद मुबारक करायला माबेल्याला जाऊया. बाबांनी कुरकुर केली, एवढ्या उन्हात एवढं लांब, पण गेलो. तिच्या आईने शिरखुर्म्याचे वाडगे पुढे ठेवले. माझी मैत्रीण हसली, पण डोळे सुजलेले होते, आणि तिच्या आईने मला हळूच विचारलं की शाळेत काय झालं काय, रात्री जेवली नाय ही. शाळा बंद होती.

आतल्या खोलीत तिने मला फोन दिला. म्हणाली, बघ तूच, मी काय खोटं केलंय. मी चार्ट उघडला. लग्नाचं गाणं तिथेच होतं, पहिल्या नंबरावर. एडिट वगैरे काही नाही. मला कुठेतरी आशा होती की तिने चुकून दुसरं पान उघडलं असेल, ती पण गेली. फोन घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले आणि मोठ्याने म्हटलं, ओमानमध्ये एवढी हिंदी गाणी विकत घेतं तरी कोण?

तिचे अब्बा माझ्या बाबांशी गप्पा मारत होते. त्यांनी मान वळवली.

"अगो, तो फोन हिच्या मामानं रत्नागिरीत चालू करून दिलेला. पत्ता तिकडचा, कार्ड पण तिकडच्याच बँकेचं. इथं आमचं काय हाय? इथं आम्ही नुसते राहतो."

त्यांनी ते इतकं साधेपणाने म्हटलं की माझे बाबा नुसती मान हलवत राहिले. मी आईची पर्स ओढली, तिचा फोन काढला आणि चार्ट उघडला. तेच लग्नाचं गाणं. आईचं खातं ठाण्याला असताना उघडलेलं, कार्ड ठाण्याच्या शाखेचं. आई म्हणाली, अगं मग काय इथलं काढायचं होतं का, उद्या परत गेलो की परत सगळं बदलत बसा.

तर असं होतं. दुकान माणूस कुठे बसलाय ते बघत नाही, खातं कुठलं आहे ते बघतं, आणि चार्टही तिथलाच दाखवतं. आम्ही ओमानमध्ये बसून, ओमानसाठी म्हणून घेतलेलं गाणं हिंदुस्थानच्या चार्टवर जाऊन पडलं होतं. आणि हिंदुस्थानच्या चार्टवर आम्ही म्हणजे समुद्रात चमचाभर पाणी.

माझ्या मागोमाग बाहेर आलेली माझी मैत्रीण माझ्या आईच्या फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"म्हंजे मी एकटीच नाय," ती म्हणाली, आणि हसायला लागली, ते थांबेचना. तिच्या आईने आतून विचारलं काय झालं, आणि तिने ओरडून सांगितलं, काय नाय अम्मी, मला अजून थोडा शिरखुर्मा दे. तिच्या आईने दारातून डोकावून माझ्याकडे बघत नुसते हात वर केले. माझ्याही छातीवरून काहीतरी उतरलं. आदल्या संध्याकाळपासून मी तिच्या बाजूने भांडत होते, पण ती खरी आहे हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

परतताना बाबांना म्हटलं, गाडी दार्सैतला घ्या. ताईचं घर कृष्णमंदिराच्या मागच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये होतं. बाबा खाली थांबले, मी वर गेले. ताईच्या आईने दार उघडलं, आत बोलावलं, पन्हं दिलं. ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, तिची वकिली करायला आलीस ना?

"ताई, तू चार्ट उघड."

"मला माहितेय, एक नंबर आहे."

"उघड तर."

"मी कशाला उघडू? पेजवर आलंय ना."

इथे थांबून सांगते. आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये चार्ट प्रत्यक्ष उघडून बघणारी मुलगी एकच निघाली, आणि तिलाच आम्ही बाहेर काढलं. बाकी आम्ही सगळ्यांनी पेजवरचा झेंडा पाहिला आणि त्यावर नाचलो. त्यात मीही होते, स्टेटस माझंही होतं.

ताईने शेवटी उघडला, कटकट मिटावी म्हणून. लग्नाचं गाणं आलं. ती बोटाने पान वर सरकवत राहिली. पंजाबी, हिंदी, तमिळ, पुन्हा हिंदी. बराच वेळ सरकवल्यावर आमचं गाणं आलं. ताईचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता.

"हे बाबांचं अकाउंट आहे," ती हळू म्हणाली. "कोथरूडचं."

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मग कुठलं असणार, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. पण ताईला मी हसून सुटू दिलं नाही. ती फोन हातात घेऊन म्हणाली की मी तिला आत्ता पर्सनलवर सॉरी म्हणते. मी म्हटलं, नाही. काढलंस सगळ्यांसमोर, हाय हाय झालं सगळ्यांसमोर, तर सॉरी पण तिथेच. ताईने पाय सोफ्यावरून खाली घेतले. मग तिने माझ्या मैत्रिणीला परत ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं, चूक माझी होती, स्क्रीनशॉट खरा होता, माझ्या स्वतःच्या फोनवर पण हेच दिसतंय, सगळ्यांनी आपापला उघडून बघा. एकेकीचे स्क्रीनशॉट यायला लागले. लग्नाचं गाणं, लग्नाचं गाणं, लग्नाचं गाणं. हाय हाय लिहिणारीचा सगळ्यात शेवटी आला, पण आला.

मग ताईने माझ्या मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. म्हणाली, डावीकडून दुसरी जागा तुझीच आहे, येशील ना? मी पन्ह्याचा पेला घट्ट धरून बसले होते. ती नाही म्हणाली असती तरी चुकलं नसतं, आणि मी तिला समजवायला गेले नसते.

"मी आधी अब्बांना विचारते," ती म्हणाली, "शुक्रवारी गाडी हाय का." मागून तिच्या अब्बांचा आवाज आला, हाय हाय, यल्ला, जा. ह्या वेळी ते ऐकून कुणाला टोचलं नाही. ताईने डोळे मिटून सोफ्यावर मान टाकली.

शुक्रवारी ती आली आणि नाचली, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली, जशी ती नेहमीच नाचायची. कार्यक्रमाला काही ओमानी मुलीही आल्या होत्या, अंगावर काळे पायघोळ अबाया, हातात बँडच्या रंगाच्या दिव्याच्या काठ्या. लांबच्या सूर नावाच्या गावाहून आल्या होत्या, भावाने गाडी चालवत आणलं होतं. गाण्याचा कोरियन शब्द न् शब्द त्यांना पाठ. ताईने त्यांना विचारलं, तुम्ही गाणं विकत घेतलं होतं का. त्यातल्या एकीने हिंदीत सांगितलं, "हां, हम सब ने. मैं, मेरा सिस्टर, सब कझिन लोग." ओमानला पहिला नंबर कुणी दिला ते आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो? माझी मैत्रीण त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि घरी जायची वेळ होईपर्यंत तिथून उठली नाही. तिचे अब्बा खाली गाडीत वाट बघत होते, त्यांना तिने दोनदा फोन करून आणखी थोडं थांबायला लावलं.

आता तुमच्याबद्दल. तुमच्याही फोनमध्ये ग्रुप आहेत, सोसायटीचा, शाळेचा, माहेरच्यांचा. त्यातल्या एकातून तरी कुणाला काढलेलं आहे, आणि काढताना तुम्ही गप्प होतात. वर जा, तिचा शेवटचा मेसेज शोधा. ती काय म्हणाली होती ते वाचा, आणि तिने जे दाखवलं होतं ते स्वतः उघडून बघा, दुसऱ्या कुणाचं ऐकून नाही. ती खरी निघाली तर आजच तिला परत घ्या, सगळ्यांच्या देखत, चूक कुणाची होती ते नीट लिहून. हे वाचून संपल्यावर पहिलं काम तेच करा.