डोहावर काही नाही

मेहकरच्या कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसल्यापासून मी नाना तऱ्हेचे इसम पाहिले. परंतु जंगलखात्याच्या त्या नाकेदारासारखा दुसरा आढळला नाही. भरबाजारातही तो हरिण बुजू नये इतक्या हळू बोले आणि मध्येच थांबून कानोसा घेई.

एकदा खात्याच्या साहेबाने नाकेदाराकडे त्याच्या हद्दीतील आडरानातल्या डोहाविषयी लेखी खुलासा मागितला. शिकारीचा तळ तेथे टाकण्याचा विचार होता.

"सांबरं तिथं निवांत पानी पेतात, मुन्शीजी. साहेबाले लिवा का जागा खराब हाये. बस."

एवढ्याशा मजकुराने माझ्या लेखणीचा लौकिक राहिला नसता. सबब, साहेबास धाक बसावा म्हणून मी तेथे पाच नरभक्षक वाघ घातले.

आठ दिवसांनी तो परत आला.

"तुमचे वाघ वाचून साहेब खूश झाले. बंदुका घेऊन येऊन राह्यले."

"मग आता?"

"आता मी सांगतो तेवढंच लिवा. पयला कागद मुन्शीनं आपल्या मनानं लिवला. डोहावर काईच नाही."

हे माझ्याच हस्ताक्षरात मला लिहावे लागले. पुढे 'तथापि' लिहिणार, तोच त्याने माझ्या दौतीला झाकण लावले.

इतका आखूड कागद माझ्या हातून कधी गेला नव्हता. साहेब मात्र आले नाहीत.

पुढे एकदा मी त्याला म्हणालो, "तो डोह मला तरी दाखव."

त्याने क्षणभर कानोसा घेतला.

"तिथं काईच नाही, मुन्शीजी."