मामांचा झाला माम्या

संगणकावरच्या एका टेक्स्ट एडिटरला मराठी शुद्धलेखन तपासता यावं म्हणून मी केलगेरी गावातल्या आमच्या घरी बसून प्रत्ययांचे नियम लिहीत होतो. ‘आ’ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागला की ‘आ’चा ‘या’ करायचा, हा पहिला नियम. घोडा, घोड्याला; रस्ता, रस्त्यावर.

तपासायला अण्णांना, म्हणजे वडिलांना बसवलं. ते निवृत्त मराठी मास्तर. त्यांनी जुन्या हुबळीतल्या आपल्या मामांना पत्र टाइप केलं, छापलं आणि पेटीत टाकलं.

चार दिवसांनी मामांचा फोन आला, तो मी उचलला. “‘माम्यांना साष्टांग नमस्कार’? मी माम्या कधीपासून झालो रे?”

मी अण्णांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “मी ‘मामांना’च लिहिलं होतं. त्याखाली लाल रेघ आली आणि ‘माम्यांना’ सुचवलं. नियम तू केलेले, म्हटलं तुला ठाऊक असेल.”

जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाने माझी चूक निमूट मानली होती. मला लाज वाटली.

मग आम्ही दोघांनी बसून त्या नियमातून नात्यांचे शब्द वगळले: मामा, काका, दादा, अण्णा, अप्पा.

“राजालाही वगळ,” अण्णा म्हणाले. “त्याला राज्या म्हणायची छाती कुणाची?”