थोरल्या बाई आणि शनिवारचे गुरुजी

आमच्या थोरल्या बाईंनी ज्याला एकदा तरी पोरांसमोर शिकवायला उभं केलं नाही, असा धडधाकट माणूस अख्ख्या माणदेशात दाखवा, मी त्याला साष्टांग नमस्कार घालीन. म्हसवडजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक मास्तर. माणूस भेटला की लोक 'बरं हाय का' विचारतात, बाई विचारायच्या, "तुम्हाला काय येतं?" या प्रश्नाच्या धाकानं गावातली शहाणी माणसं त्यांना लांबून बघूनच बोळ बदलत. एकदा एसटी शाळेसमोरच बंद पडली आणि कंडक्टर आयता सापडला. गाडी दुरुस्त होईपर्यंत त्यानं तिसरीला तिकिटांवरून बेरीज शिकवली आणि निघताना डबल बेल पोरांनीच दिली. लग्नाचं आमंत्रण आलं की बाई आदल्या दिवशीच अख्खा वर्ग घेऊन आचाऱ्यापुढं हजर. "प्रमाण शिकतोय," म्हणायच्या. एका लग्नात पोरांना प्रमाण चांगलंच समजलं, पण पंगतीला बुंदी कमी पडली.

सगळ्यांनाच हे मानवत नव्हतं. फौजेतून परतलेले एक हवालदार एकदा तणतणत आले. त्यांची लेक चौथीत होती. "बाई, पोरीचा दाखला द्या. म्हसवडला इंग्लिश मीडियमला घालतो. आज मेंढराच्या वाड्यावर, उद्या कुंभाराकडं! पोरं हितं शिकत्यात का नुसती हिंडत्यात?" शाळेचा पट आधीच घसरलेला. एक दाखला गेला की मागोमाग बाकीचे जाणार आणि शाळेला कुलूप लागणार. बाई मात्र शांत. "देते की. पण तुम्हाला काय येतं?"

हवालदार गडबडले. "मला? नकाशा वाचाय येतो."

"मग शनिवारी तेवढा तास घ्या. दाखला त्यानंतर."

शनिवारी हवालदार कडक इस्त्रीत आले. पोरांना माळावर नेऊन त्यांनी दिशा दाखवल्या, चढ-उतार ओळखायला शिकवलं, आणि मग गडी असा रंगला की बर्फातल्या चौकीच्या गोष्टी निघाल्या. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मधेच त्यांच्या लेकीनं विचारलं, "आबा, तितं तुमाला भ्या वाटायचं?"

हवालदार खाली बघत म्हणाले, "लय वाटायचं गं. तुजा फोटू बगत बसायचो."

घरी हे त्यांनी कधी सांगितलं नसावं. पोरगी उठली आणि त्यांना बिलगून बसली. परतताना बाईंनीच दाखल्याचं काढलं, तर हवालदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. फुडच्या शनवारी होकायंत्र घिऊन येतो." त्यांचं बघून बाकीची मंडळीही थांबली. शाळा टिकली.

यंदा बाईंची बदली कवठे महांकाळकडं झाली. परवा त्यांचा फोन आला. दोन वाक्यं झाली नाहीत तोच, "थांबा हं, एक आजी कानडी गाणं शिकवायला आल्यात," म्हणून त्या पळाल्या. फोन बंद करायचं मात्र विसरल्या. मी शाळेच्या पायरीवर बसून ऐकत राहिलो. आजी सांगत होत्या, पोरं चुकत होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं चुकत होत्या आमच्या बाई.