तळ्यावरचे ‘दीपगृह’ आणि नवे कुलूप

श्रीगोंद्याकडच्या एका तळ्यावरचे ओसाड दीपगृह मी स्वतः पाहून खरे ठरवले, असे आमच्या इतिहास मंडळात सांगितले जाते. मी तसे काहीही ठरवलेले नाही. मंडळ आता तिथे सहली नेणार आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मंडळाचे चिटणीस एका निवेदनावर माझी सही मागायला आले होते. दीपगृह रिकामे करून मंडळाकडे सोपवावे, असा मजकूर. नगर जिल्ह्यात दीपगृह? “आधी पाहीन,” मी म्हटले. त्यांचा चेहरा पडला, तिथेच मला शंका आली. तरी तेही बरोबर निघाले.

एस.टी. सकाळचीच घ्यावी, दुपारचीचा भरवसा नाही. फाट्यापासून पुढे पायी जावे लागते. पाणी घरून न्या. यंदाच्या दुष्काळात कुणाच्या दारी मागणे बरे नव्हे. वाटेत दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या.

“बाई, हजेरी घ्यायला आलाव का?” एकीने विचारले.

“नाही, लाइटहाऊस बघायला.”

“आसं व्हय, लाटहौस! जावा की सरळ.”

“ऐकलंत?” चिटणीस विजयाने म्हणाले. मी ऐकले होते; ती ‘लाट’ म्हणाली होती, ‘लाइट’ नव्हे.

बुरूज चौकोनी, दुमजली, काळ्या दगडाचा. कमानींची घडण तळ्याच्या बांधावरच्या मोरीसारखीच, तेव्हा तळे बांधणाऱ्या इंग्रजांचेच हे काम असावे. पाणी आटल्याने पायथ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. खालच्या दाराला कोरे कुलूप. बाहेर लिंबाखाली एक म्हातारी, तीन दगडांची चूल आणि शेळी.

“ह्या कोण?”

“अतिक्रमण,” चिटणीस म्हणाले.

बाहेरच्या जिन्याने वर गेलो. तीन बाजूंना सलग भिंत. पाण्याच्या बाजूला आडव्या फटी, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. छताला काजळीचा डागही नाही.

“इथे दिवा लावला तर दिसणार कुणाला?”

“तेव्हा काचा असतील, बाई.”

“काच बसवायची खाच दाखवा.”

ते फोटो काढू लागले.

खाली म्हातारीने नाव सांगितले, सगुणाबाई. लाटहौस का म्हणतात, ते विचारले. “लाटसायब यायचा न्हवं बदकं माराया! फटीत बंदूक घालून बसायचा. माझा सासरा हितं राखनदार हुता. खालची खोली तवापासनं आमाला.”

तिच्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. डोक्यावरचे छप्पर राखायला माणूस काहीही सांगते. पण त्या फटींचा दुसरा उपयोग मला सुचेना. लाटाच्या घराचे आमच्या सुशिक्षित कानांनी दीपगृह केले होते.

“कुलूप कुणी लावलं?”

“ह्या सायबानी. सरकारी हुकूम हाय म्हनले. पीठ, जातं, वाकळ, समदं आत.”

“चिटणीस, हुकूम बघू.”

“येणार आहे.”

“हुकूम येणार आणि कुलूप आधीच आलं?”

सगुणाबाई फिसकन हसली. “बाई, तुमी मास्तरीन व्हय? सायब बगा कसा पोरावानी हुबा ऱ्हायलाय!”

चिटणिसांनी किल्ली काढून दिली. आत जाताच तिने पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपला आणि मग माझ्याकडे रोखून पाहिले. तिचाही माझ्यावर भरवसा नव्हता. ते मला आवडले.

घरी येऊन विचार करते आहे. खराच लाट येत असे, की एखादा इंजिनिअर लाट म्हणून मिरवत होता, कोण जाणे. जागा पाहण्यासारखी आहे. उरल्यासुरल्या पाण्यावर संध्याकाळी बदके अजून उतरतात. जरूर जा; फक्त जिना चढण्याआधी खाली हाक मारा, तिथे माणूस राहते. निवेदन मी सहीवाचून परत केले.

नव्या कुलपाला किल्ल्या दोन असतात, हे मला परतीच्या एस.टी.त सुचले. चिटणीस शेजारीच बसले होते; मी दुसरी किल्ली मागितली. त्यांनी बराच वेळ खिसे चाचपल्यासारखे केले.

सुपूर्द केल्याची नोंद: कुलूप एक व किल्ली एक, चिटणिसांकडून सगुणाबाईंना, जागेवर. किल्ली दुसरी, चिटणिसांकडून मला, एस.टी.त; माझ्याकडून सगुणाबाईंना, पुढच्या रविवारी, हातात.